एका झाडाखाली मामा-भाचे

झाडांशी इतक्या अदबीने आणि गिऱ्हाइकांशी इतक्या उद्धटपणे बोलणारा लाकूडवाला आमच्या जालना जिल्ह्यात माझ्या मामांखेरीज दुसरा नसेल. हे मी कौतुकाने लिहितो आहे, पण तसं लिहिण्याचा हक्क मला उरला आहे का, याची मला खात्री नाही.

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत मामांची जळाऊ लाकडांची वखार आहे. मी घनसावंगीकडचा. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून बारावीनंतर आईने मला तिच्या या भावाकडे ठेवलं. वखारीवरचा माळा माझी अभ्यासाची खोली झाला. खाली कुऱ्हाडीचे घाव आणि मामांची गिऱ्हाइकांशी चाललेली वादावादी, वर मी आणि वनस्पतिशास्त्र. लाकूड मागणाऱ्याला मामा आधी विचारतात, "शिजवायचं काय हाय?" उत्तर पटलं तरच लाकूड. एकदा लग्नाचा एक आचारी स्वस्तातलं काहीही द्या म्हणाला. बुंदी करायची आहे हे कळल्यावर मामांनी त्याला ओलसर कडुलिंबाच्या ढिगाकडे बघूसुद्धा दिलं नाही. बुंदीला धुराचा वास लागला तर नवरीकडचे शिव्या मला देतील, असं त्यांचं म्हणणं. जबरदस्तीने वाळकी बाभूळ दिली ती दिलीच, वर दुसऱ्या दिवशी जाळ बराबर आहे का ते बघायला बिनबोलावता लग्नाला गेले. दिवसभर भट्टीपाशी उभे राहून त्या आचाऱ्याचं डोकं खाल्लं आणि नवरा-नवरीचं तोंड न बघता परत आले.

माणसंही त्यांना लाकडांसारखीच दिसतात. गल्लीतले एक पुढारी त्यांच्या मते शेवगा, म्हणजे वाढ भरपूर आणि चुलीत घातलं तर नुसता फुसका जाळ. मामी चिंच, कारण तापली की लवकर निवत नाही. हे मामीसमोर बोलायचं धाडस मात्र त्यांनी अजून केलेलं नाही. गॅस आणि गीझर हे त्यांचे जन्माचे वैरी. गल्लीत अजून पाच-सहा घरांत तांब्याचे बंब पेटतात, आणि त्या घरांविषयी मामा एखाद्या खानदानाविषयी बोलावं तसं बोलतात. "गीझरचं पानी अंगावरून जातं, बंबाचं पानी अंगात जातं," हा त्यांचा सिद्धांत. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते पहाटे उठून माझ्यासाठी बंब पेटवत आणि पाण्यात कोपर बुडवून बघत. त्यांच्या कोपराला कोमट लागणारं पाणी माझ्या पाठीची सालटं काढायचं. तरी मी कधी बोललो नाही, कारण बाहेर ते मामीला सांगत असत की आज पोरगं पेपर चांगला लिहितंय बघ.

पण त्यांची खरी तऱ्हा दिसते ती झाडापाशी. शेतातलं वठलेलं झाड किंवा घरावर आलेली फांदी तोडायला बोलावलं, की कुऱ्हाड चालवण्याआधी ते तिच्या बोथट बाजूने बुंध्यावर तीनदा ठोकतात आणि वर बघून मोठ्याने विचारतात, "कोण हाय का वर? असाल तर निघा, मला काम करायचंय." मग ते थांबतात. पाखरं उडावीत, मुंगळ्यांनी वाट धरावी, एवढा वेळ. एकदा राजूरजवळच्या एका शेतात एक खार निघेना म्हणून ते जेवणवेळेपर्यंत बांधावर बसून राहिले. शेतकरी वैतागला. मामा त्याला म्हणाले, "तुम्हाला घर खाली करायला सांगितलं तर तुम्ही काय लगेच निघता का?"

लहानपणी मला हे सगळं फार आवडायचं. कॉलेजात गेल्यावर मात्र मी मित्रांना सांगितलं की माझ्या मामांचा लाकडाचा व्यापार आहे. तसं ते खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सागवानाच्या फळ्या याव्यात अशी माझी इच्छा होती, आणि त्या याव्यात असाच मी आवाज काढला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या ग्रंथालयावर एक वाळलेली कडुलिंबाची फांदी झुकली. ती काढायला कोणी ओळखीचं आहे का, असं आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी वर्गात विचारलं. सरांवर माझी फार श्रद्धा, आणि त्यांच्या नजरेत यावं ही धडपड. मी हात वर केला. माणूस कोण, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा टेम्पो घेऊन आले. भाच्याच्या कॉलेजात जायचं म्हणून त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि तो झाडाखाली आल्यावर काढून नीट घडी करून ठेवला. मग बनियनवर, सगळ्या पोरापोरींसमोर, त्यांनी बुंध्यावर तीनदा ठोकलं आणि वर बघून विचारलं, "कोण हाय का वर?"

पोरं हसली. कोणीतरी मोबाईल काढला. सरही हसले, पण वाईट भावनेने नाही. त्यांनी मला विचारलं, "भारी माणूस आहे. कोण रे हे तुझे?"

मी म्हणालो, "कोणी नाही सर. आमच्या गल्लीत लाकूड टाकतात."

मामा तीन-चार हातांवर होते. त्यांचे दोराला गाठ मारणारे हात थांबले आणि परत चालू झाले. मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, जरा हा दोर धरून राह्यता का?" जन्मात त्यांनी मला भाच्याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. मी दोर धरला. फांदी उतरली. खाली तिचे तुकडे करताना सर जवळ आले, तेव्हा मामांनी आणखी पुढे जाऊन माझी चौकशी केली. "तुमचं गाव कोणतं म्हणायचं?"

"घनसावंगीकडं," मी म्हणालो.

"आस्सं? तिकडं आमची एक बहीण दिलेली हाय."

माझ्या आईविषयी ते मला हे सांगत होते, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

अवकाळीचे दिवस होते. आभाळ भरून आलं, सर व्हरांड्यात गेले, आणि एकदम वीज कडाडली. मामा-भाचे एका ठिकाणी असले की वीज त्यांच्यावर येते, ही आपल्याकडची जुनी समजूत. मामांनी कुऱ्हाड टाकली आणि मला दोन्ही हातांनी ढकललं. "भाच्या, पळ! एका झाडाखाली दोघं नको!"

मी व्हरांड्यात पळालो. मामा उलट्या दिशेने, उघड्या मैदानात गेले आणि तिथेच पावसात उभे राहिले. मी छपराखाली होतो ना, मग ते तिथे कसे येणार?

सरांनी आधी मामांकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, "जा, त्यांना आत घेऊन ये."

मी गेलो नाही. मनाशी म्हटलं, विजा चमकतायत, मामा-भाच्याने एकत्र येऊ नये. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्या समजुतीवर माझा काडीचा विश्वास नाही. त्या दिवशी तेवढी दहा मिनिटं मी तो ठेवला. शेवटी सरच छत्री घेऊन गेले.

संध्याकाळी टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवत होतो. मोंढ्याचा बाजार मागे गेला तरी जुळलं नव्हतं. मामाच आधी बोलले.

"चुकलो रे भाच्या. सगळं बराबर चाललं होतं, इजेनं घोटाळा केला. तोंडातून निघून गेलं. तुझ्या सरांला काय वाटलं असंल?"

 माफीचं ते वाक्य अजून जुळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. सांगायचं होतं ते मामांना, आणि त्यांच्यासमोर गेलो की मी दुसरंच काहीतरी बोलतो.

या वर्षी माझं शेवटचं वर्ष. मामा माल टाकायला त्या बाजूला निघाले की मला टेम्पोत बसवतात, पण कॉलेजच्या अलीकडच्या चौकातच गाडी थांबवून म्हणतात, "उतर इथंच." मी म्हणतो, मामा, गेटापर्यंत चला ना. ते समोर बघत म्हणतात, "तिथं टेम्पो वळत न्हाई रे." मी उतरतो, चालू लागतो. आमच्या गेटासमोर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर वळतात, हे मी रोज बघतो.