तीन उजेडांचा फोटो

दोन हजार नऊ साली, श्रावणातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराला वीज गेली. मालवण बाजारातल्या स्टुडिओत माझा मेहुणा संगणकासमोर बसला होता. यूपीएस वाजू लागला. त्याचा आवाज थांबेना म्हणून शेजारचा शिंपी आत गेला, आणि मग त्याने मला शाळेत फोन केला.

उजेडाशी इतकं वैर धरलेला माणूस साऱ्या कोकणात दुसरा झाला नसेल. लोकांची भांडणं बांधावरून होतात, माडावरून होतात, देवळातल्या मानावरून होतात. माझ्या थोरल्या मेहुण्याचं भांडण थेट सूर्याशी होतं. तो माझ्या बायकोचा भाऊ. घरात सगळे त्याला दादा म्हणत, आणि मीही वयाने धाकटा असल्यामुळे दादाच म्हणत असे. धंद्याने तो फोटोग्राफर. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो ही त्याची पोटापाण्याची कामं. पण ती तो इतक्या दुखावल्या चेहऱ्याने करी, की पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसालाच अपराधी वाटावं. त्याचं म्हणणं एकच होतं. माणसाच्या डोळ्याला जे दिसतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि ही फसवणूक आहे.

हे म्हणणं तो कुठेही मांडे. माझ्याकडे तर नेमका जेवायच्या वेळी. मी पहिला घास तोंडात घातला रे घातला, की समोर बसून विचारी, "भावजीनु, खिडकीतसून माड दिसता?"

"दिसतो."

"ताटातली सोलकढी दिसता?"

"दिसते."

"एकाच टायमाक?"

"हो."

"मग कॅमेऱ्याक कित्याक दिसणा नाय?"

मी मराठी शिकवणारा मास्तर. पण सोलकढी संपेपर्यंत मी एकदा माडाकडे आणि एकदा वाटीकडे बघत राही, आणि बायको विचारी, "दोघांच्या माना कसल्या हलताहेत?"

हे वेड लागण्याला कारण होतं. माझ्या सासरचं घर मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर, पडवी समुद्राच्या तोंडाला. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पडवीत उभा करून, मागे दर्या धरून फोटो काढायचा, ही रीतच आहे. त्यात हमखास काय होतं, तर दर्या पांढराफेक येतो आणि माणूस काळाठिक्कर. माझे सासरे वारले तेव्हा त्यांचा घरात एकच फोटो निघाला, तोही असा पडवीतला आणि दादानेच काढलेला. त्यात दोन काळ्या आकृत्या होत्या. एक सासरे आणि दुसरा पडवीचा खांब. तेराव्याला आलेला एक पाहुणा मोठ्या भक्तिभावाने खांबाला नमस्कार करून गेला. त्यावर माझी सासू, जिला आम्ही सगळे आये म्हणतो, दादाला म्हणाली, "मेल्या, जल्मभर लोकांचे फोटो काढलस आणि बापाशीक खांब केलस." ती हे हसत म्हणाली होती. दादा हसला नव्हता.

पुढे डिजिटल कॅमेरा आला, संगणक आला, आणि कुठूनतरी दादाला कळलं की एकाच दृश्याचे तीन फोटो काढता येतात. एक दर्यासाठी, त्यात बाकी सगळं काळोखात. एक माणसाच्या चेहऱ्यासाठी, त्यात दर्या जळून गेलेला. आणि एक मधला. मग संगणकात तिघांना एकत्र करायचं, म्हणजे तिघांतला चांगला तेवढा उजेड उरतो. याला एचडीआर म्हणतात, हे त्याने मला ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी त्याचा चेहरा मुलाची सोयरीक जमल्यासारखा दिसत होता. अडचण एवढीच होती, की तिन्ही फोटो होईपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. आणि मालवणी माणसाला बोलताना हलू नको म्हणणं म्हणजे बोलू नको म्हणणंच.

पहिला प्रयोग एका लग्नात झाला. हॉलच्या मोठ्या दारातून भर दुपारचा उजेड येत होता, म्हणून दादाने अंतरपाट दूर होण्याच्या क्षणाला तीन फोटो घेतले. भटजींनी हात वर केला होता, लोक अक्षता टाकत होते, नवरा नाक पुसत होता. तिन्ही एकत्र झाल्यावर भटजींना चार हात आले, हवेत खेकडे उडावेत तशा अक्षता दिसू लागल्या, आणि नवऱ्याच्या खांद्यावर आणखी एक अर्धवट नवरा उगवला. नवरीचा बाप अल्बम घेऊन स्टुडिओत आला. एरवी शांत माणूस.

"ह्या नवऱ्याक मी वळाखतंय," तो म्हणाला. "पण तेच्या कानामागसून बगता तो कोण?"

"तोच. तो हाललो," दादा म्हणाला.

"असा? आमी आहेर एकाकच केलो."

दादा खचला नाही. हलणारा माणूस हा दोष माणसाचा आहे, असं ठरवून तो न हलणाऱ्या वस्तूंकडे वळला. सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षांत हललेला नव्हता, म्हणून त्याने किल्ला निवडला. पाण्यातून फोटो हवा म्हणून होडी घेतली. कॅमेऱ्याचा स्टँड होडीच्या फळीला सुंभाने आवळला, खाली दगड टांगला, आणि मला म्हणाला, "आता बगा, केसभर हालूचो नाय." स्टँड केसभर हलला नाही. होडी हलत होती. फोटोत किल्ल्याच्या तटावर दुसरा तट आणि त्यावर तिसरा तट आला. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेलो, तर तो चित्राकडे बघत म्हणाला, "बांधणाऱ्याक एकच तट जमललो. मी तीन चढवलंय."

मग रंगांचा काळ आला. तीन उजेड एकत्र केले की ते सगळे पडद्यावर मावत नाहीत. ते दाबून, चेपून बसवावे लागतात, आणि त्यासाठी संगणकात सरकवायच्या बऱ्याच दांड्या असतात. दादाला दांडी दिसली की ती टोकापर्यंत न्यायचीच, असा त्याचा हात. मासळी बाजारातल्या एका बाईचा त्याने पाटीसकट फोटो काढला. बाईच्या डोक्याभोवती देवीसारखं वलय आलं, आभाळ जांभळं झालं, आणि पाटीतले बांगडे आतून दिवा लावल्यासारखे निळे पेटले. तिला तो भेट म्हणून द्यायला गेला, तेव्हा मी बरोबर होतो. तिने फोटो लांब धरला, जवळ धरला. "असलो बांगडो माज्या पाटयेत दिसलो, तर गिरायक पोलिसाक बोलवतला," ती म्हणाली. पण फोटो तिने ठेवून घेतला. नंतर पाहिलं तर तो गल्ल्याच्या डब्यावर चिकटवलेला होता, फक्त बांगड्यांवर तिने कागद लावला होता.

एवढं करूनही लोकांच्या हातात फोटो पडत नसे, कारण दादाला एक्सपोर्ट करायचा तिटकारा होता. काम झालं की सगळा ऐवज एका साध्या जेपीजी फाइलीत उतरवायचा, म्हणजे ती लॅबला पाठवता येते, छापता येते. दादाचा हात तिथे अडे. "भावजीनु, जेपीजी म्हणजे खारो बांगडो," तो मला समजावी. "टिकता, खंयय धाडूक येता. पण एकदा सुकवलास की परत ताजो करूक गावणा नाय. माज्या फायलीत अजून सगळो उजेड जितो आसा." असा जिवंत उजेड त्याच्या संगणकात होडीत भरणाऱ्या पाण्यासारखा साठत गेला. बारसं केलेली मुलं शाळेत जाऊ लागली तरी बारशाचे फोटो मिळालेले नसत. आईबाप चिडून येत आणि पडद्यावर आपलं मूल बघून विरघळून जात. जाताना मात्र रिकाम्या हातांनीच जात.

दोन हजार नऊच्या माघात आयेच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. आये घरी आली. तिसऱ्या दिवशी दादा जेवत असताना म्हणाली, "झिला, त्यो तुजो तीन उजेडांचो फोटो. माजो काढ. माज्या मागे दर्या दिसाक होयो, आणि माजा तोंडय दिसाक होया. डोळे जाऊच्या आदी माका दाखव. मगे तू खंयचोय रंग लाव, माका काय?"

दादाने जेवण अर्धवट टाकून स्टँड आणला.

वैशाख संपेपर्यंत त्याने तिचे चाळीसएक फोटो काढले आणि चाळीसही वाया गेले. आये हलत होती. तिचे हात सोलांसाठी रातांबे फोडत असत, कावळ्याला हाकलत असत, पदर सावरत असत. हातांना काम नसलं तर तोंड चालू. एका फोटोत तिला सहा हात आले. तो बघून ती म्हणाली, "बापाशीक खांब केलस, माका देवी केलस. आता पालखी काढ." दादाने तिला दम देऊन पाहिला, मोदकाचं आमिष दाखवलं, एकदा तर स्वतः समोर दगडासारखा बसून दाखवलं. तिने त्याच्या कपाळावर बसलेली माशी मारली.

शेवटी उपाय सापडला तो कोणी शोधलेला नव्हता. एका संध्याकाळी मी आणि बायको तिथे होतो. दादा कॅमेरा लावून कंटाळून बसला होता. बायको सहज म्हणाली, "आये, होडी इली काय बग." आयेचे हात थांबले. तिने मान समुद्राकडे वळवली आणि ती बघत राहिली. सासरे मासेमारीला जात. ती चाळीस वर्षं त्याच खांबापाशी बसून होडीची वाट बघत आली होती, आणि ते करताना ती हलत नसे. हे तिच्या तीनही माणसांना माहीत होतं, आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. होडी त्या वेळी नव्हती. असती तरी तिला दिसली नसती. दादाने श्वास धरून तीन वेळा बटण दाबलं. मग आणखी तीन वेळा. मग तो कॅमेऱ्यामागेच खाली बसला आणि म्हणाला, "गावला."

फोटो मिळाला, आणि पुढचे तीन महिने तो दादाने हातातून सोडला नाही. आयेची डावी बाजू अंधारत चालली होती. बायको रोज विचारी, "दादा, देतस मां?" तो म्हणे, "वायच रव. कपाळार उजेड जास्त जाता." दुसऱ्या दिवशी कपाळ बरं होई आणि दर्या बिघडे. एरवी टोकापर्यंत दांडी नेणारा माणूस केसाकेसाने सरकवत होता. बायको एकदा ओरडली, "तिचे डोळे थांबतले काय तुज्यासाठी?" त्याने दुसऱ्या दिवशी लवकर स्टुडिओ उघडला एवढंच. रोज तो तेच करत होता. त्या मंगळवारीही.

दादाच्या बाराव्यानंतर मी आणि बायको स्टुडिओत गेलो. संगणक लावला. एका कप्प्यात आयेच्या फायली होत्या. 'आये १', 'आये २', अशा पंचावन्नपर्यंत. मग 'आये शेवटची', 'आये शेवटची खरी', 'आये दर्या बरो', 'आये कपाळ बरा', आणि 'आये ह्याच'. त्या शेवटच्या फाइलीनंतर दोन फायली पुन्हा नुसत्या आकड्यांच्या होत्या. आम्ही एकेक उघडून बघत बसलो. मला फरक कळेना. बायको मात्र एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, "ही." ती 'आये ४१' होती.

एक्सपोर्ट मी केलं. चौकट उघडली आणि संगणकाने विचारलं, दर्जा किती ठेवू, बारापैकी. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर गुण देताना हात आखडता घेतला. त्या दिवशी बाराच्या बारा दिले. पडद्यावरचा दर्या किंचित फिका पडल्यासारखा वाटला, किंवा मला तसं वाटलं असेल. फाइल सीडीवर घातली, कणकवलीच्या लॅबमधून छापून आणली आणि दांडीला गेलो.

आये पडवीत बसली होती. तिने फोटो उजव्या डोळ्याजवळ नेला, मग थोडा लांब धरला, मग सावकाश तिरका केला. बराच वेळ ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फोटो सरकवत होती.

"दर्या आसा," ती म्हणाली. "किल्लोय आसा. आणि ह्यां माजा तोंड." तिने बोटाने हनुवटीपासून वर चाचपलं. "कपाळ वायच काळां इलां. सांग गो दादाक—"

बायकोने तिच्या हातातून फोटो घेतला आणि तिच्याजवळ बसली. मी पाणी आणायला आत गेलो.

फोटो पडवीत लावला आहे. आयेला आता उजेड आणि काळोख, एवढंच कळतं.