बारदान वजा जाता

आमच्या साडूंइतका सरळ माणूस उभ्या जुन्नर तालुक्यात सापडायचा नाही, आणि नेमक्या त्यांनाच विमा कंपनीनं खोटारडं ठरवलं. आता बोला! साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम पिंपरी पेंढार, घरचा कांदा आणि दोन गायी. देह असा, की पंगतीत वाढपी आपण होऊन त्यांना दोन माणसांची जागा सोडतात. खुर्चीवर बसताना ते "धर बाई" म्हणून आधी तिला धीर देतात.

मुलानं बंगळूरहून वजनाचा काचेचा काटा पाठवला होता. साडू त्यावर उभे राहिले की आकडा पोटाखाली गडप. मग अक्का, म्हणजे माझी मेहुणी, पदर खोचून वाकायची आणि आकडा वाचायची. पण नुसता नाही. जन्मभर कांदा विकलेलं घर ते. गोणीचं वजन कांद्यात धरणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. त्यामुळे साडूंचंही बारदान वजा व्हायचं. कपडे, चपला, मोबाइल यांचे दोन किलो, न्याहारीचे तीन आणि हाडांचे सात. "हाडं वडिलोपार्जित हायेत, ती कशाला धरायची?" हे अक्काचं म्हणणं. एकशे अठरातून बारा गेले, राहिले एकशे सहा. मग दोघं समाधानानं चहा प्यायची.

अक्का गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्या आजारपणात मुलाची झालेली दमछाक साडूंनी पाहिली होती. "पावणं, मी आडवा पडलो तर पोराच्या जिवाला घोर नको," म्हणाले आणि विम्याच्या मागे लागले. पहिला एजंट उंबऱ्यातच थबकला, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "फॉर्म संपलेत" म्हणून पसार झाला. दुसऱ्यानं सांगितलेल्या हप्त्यासाठी एक गाय विकावी लागली असती. तिसऱ्याचा फॉर्म साडूंनी स्वतः भरला आणि वजनाच्या रकान्यात अगदी प्रामाणिकपणे एकशे सहा लिहिले. तपासणीत भरले एकशे अठरा! माहिती लपवली म्हणून अर्ज परत. साडूंनी अन्न सोडलं असं म्हणवत नाही, पण आठ दिवस दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. "आमी कधी कुणाच्या गळ्यात बारदान घातलं न्हाई, अन् मलाच लबाड म्हंत्यात!"

शेवटी नारायणगावात विमा करणारी एक पोरगी भेटली. "काका, वजनदार माणसाचाही विमा होतो," ती म्हणाली. "चार कंपन्या ताडून बघू, हप्ता थोडा जास्त बसेल. पण वजन खरं लिहा, नाहीतर ऐन वेळी हात हलवत परत यावं लागेल." काटा वाचायला साडूंनी मला मंचरहून बोलावलं. मी वाकलो.

"एकशे अठरा."

"बारदान?"

"ह्या वेळी नाही, भाऊ."

अक्काचा हिशेब आपण मोडला, असं त्यांना वाटलं असावं. पेन दोनदा कागदावर टेकवून उचललं, मग एकशे अठरा लिहिले. पुढचा रकाना होता तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं याचा. मुलाचं नाव अर्धं लिहून ते थांबले. "तुमचा नंबर टाकू का, पावणं? तो लई लांब हाय."

विमा झाला. हप्ता दुधात भागतो. आधीपासून दुखणाऱ्या गुडघ्यांचा खर्च मात्र नियमाप्रमाणे काही वर्षांनीच मिळेल. म्हणजे काम संपलं की नाही? छे! दर महिन्याला फोन ठरलेला, "काटा वाचायला या, मला काय दिसत न्हाई." एक आकडा वाचायला मंचर ते पेंढार हेलपाटा! मी बायकोजवळ यथेच्छ कुरकुरतो आणि जातो.

परवा गेलो तर दार उघडंच होतं. साडू काट्यावर उभे होते. हातात अक्काचा कुंकू लावायचा आरसा. तो पोटापुढे तिरका धरून ते आकडा स्वच्छ वाचत होते, अगदी ओठ हलवून. मी गुपचूप मागं सरलो आणि अंगणात मुद्दाम चपला वाजवल्या. आत आलो तेव्हा आरसा कोनाड्यात गेला होता आणि साडू पुन्हा काट्यावर.

"बरं झालं आलात. वाचा बरं, मला काय दिसत न्हाई."

तोंड लपवायला वाकणं बरंच पडलं. आकडा एकशे सोळा होता.

"एकशे चार," मी म्हणालो. "बारदान वजा जाता."

साडू हळूच म्हणाले, "हाडं धरली न्हाईत ना?"

"वडिलोपार्जित ती. कशाला धरायची?"

तेव्हा कुठे ते खाली उतरले. "च्या टाकतो," म्हणाले, "लगीच निघू नका."