बाळ न उचलणारी आया

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात, ऑफिसात होतो. कोपरीच्या शेजारीण पेडणेकरकाकी म्हणाल्या, "अहो, तुमच्या वहिनी गेल्या. चहा ठेवला होता, तो तसाच..." मी उठलो आणि साहेबांना सांगितलं, "सर, वहिनी गेली. निघतो." साहेब भला माणूस. "अरेरे! भाऊ कसा आहे तुझा?" "मला भाऊ नाही सर." "मग वहिनी कुठली?" "माझी आई." साहेबांनी चष्मा काढला. "आई तर तुझी मागेच गेली ना रे? तेराव्याला डोंबिवलीला जेवून आलोय मी." अशा वेळी माणसाला रडू यावं; मी साहेबांना वंशावळ समजावत उभा होतो. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "अरे, मग सरळ आई म्हण ना!" दीड महिना झाला, ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

वंशावळ अशी. कोकणातून आलेलं आमचं एकत्र कुटुंब कोपरीतल्या तीन खोल्यांत राहायचं. धाकटे काका माझ्या आईला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. आपल्याकडे पुष्कळ घरांत असं असतं, त्यात नवल नाही. पण आमच्याकडे आईची जागाही भरलेली होती. मी झालो तेव्हा वहिनी एकोणीस वर्षांची. बाळंतपणानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. बोलेना, जेवेना, मला जवळ घेईना. कुणी बाळंतवात म्हणालं, कुणी बाहेरचं काहीतरी. "पोरीला विश्रांती मिळू दे," म्हणून मोठ्या काकूनं मला उचललं. तिला मूल नव्हतं. तिनं मला पुन्हा खाली ठेवलंच नाही, आणि बोलायला लागल्यावर मी तिलाच आई म्हणालो. सात-आठ महिन्यांनी वहिनी सावरली, तिनं हात पुढे केले, तर मी असं भोकाड पसरलं की समोरच्या बिऱ्हाडातली माणसं धावत आली. हा किस्सा घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात मी साभिनय सांगत आलोय. भोकाडाची नक्कल तर माझी खासियत. हशा हमखास. वहिनीही हसायची.

मी शाळेत जायला लागल्यावर वहिनीनं एका प्रसूतिगृहात आयाची नोकरी धरली, आणि निवृत्तीनंतरही तिचं ते काम सुटलं नाही. तिथं सगळे तिला मावशी म्हणायचे. मावशींची ख्याती विचित्र होती : ही आया बाळ उचलत नाही. दुपटी धुवेल, न्हाऊ घालायला पाणी काढेल, पण बाळ उचलायचं म्हटलं की दुसऱ्या आयाला हाक मारेल. ज्या बाईचं बाळाकडे लक्ष लागत नाही, जी भिंतीकडे वळलीय, तिच्या खाटेशी ही हटकून जायची. आधी डॉक्टरांना सांगायची, कारण "औषध लागतं तिथं औषधच लागतं." मग बाळाबद्दल चकार शब्द न काढता त्या बाईची वेणी घालायची, काय खावंसं वाटतं ते विचारायची. एक-दोन दिवसांनी नर्सकडून बाळ तिच्या उघड्या छातीशी ठेववून घ्यायची आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. बाळ रडलं की सासवा, नणंदा धावायच्या. "अहो मावशी, घ्या ना, रडतंय!" मावशी म्हणायची, "मला नाही हाक मारलेली त्यानं."

एकदा कोलशेतला इमारतीच्या कामावर आलेल्या एका मुलीकडे ती मला घेऊन गेली. म्हणजे पिशवी धरायला. मुलगी जालन्याकडची, नवरा सोडून गेलेला, बाळ अगदी काडीसारखं. मी वाटेत कुरकुरत होतो, "दवाखान्यातून घरी सोडलं ना तिला? आता तुझं काय काम?" वहिनी म्हणाली, "आता तर सुरू होतं." पत्र्याच्या खोलीत आम्ही बसलो आणि बाळानं सूर लावला. ती मुलगी आधी वहिनीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी उठणार, तर वहिनीनं माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं. "उठा की मावशी!" ती मुलगी चिडून म्हणाली. "गुडघे धरलेत गं माझे." वहिनीचे गुडघे ठणठणीत होते, वयाच्या सत्तरीत ती रेल्वेचा जिना माझ्याआधी चढायची. शेवटी ती मुलगी रागारागानं उठली, बाळाला उचललं, छातीशी धरलं... आणि तशीच राहिली. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. वहिनीनं तिकडे पाठ फिरवली. "चल, पाणी भरू हिचं," म्हणाली आणि हंडा माझ्या हातात दिला. तो क्षण ती कधीच बघत बसायची नाही. मला वाटायचं, भिडस्त आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी लेक ऋतुजा सातव्या महिन्यात बाळंत झाली. नात महिनाभर काचेच्या पेटीत होती. डोंबिवलीला घरी आणली तेव्हा ऋतुजा तिच्याकडे लोकाच्या सामानाकडे बघावं तशी बघायची. "बाबा, ही माझी वाटतच नाही मला," एकदा म्हणाली. मी लगेच पदर खोचला. फ्रिजवर दुधाच्या वेळांचा तक्ता लावला, बाटल्या उकळल्या, मोबाइलवर गजर लावले, खांद्यावर टॉवेल टाकून नातीला घेऊन हॉलभर फिरायला लागलो. "तू झोप गं, मी आहे ना," हे दिवसातून वीस वेळा. माझ्यासारखा आजोबा सबंध डोंबिवलीत नाही याबद्दल माझी खात्री झाली होती. पाचव्या दिवशी वहिनी पिशवी घेऊन आली. तिनं तक्ता वाचला, गजर ऐकला, माझ्या खांद्यावरची नात पाहिली. म्हणाली, "किती छान करतोस रे सगळं. अगदी जाऊबाईंसारखं."

जाऊबाई म्हणजे मोठी काकू. मी नात ऋतुजाच्या कुशीत ठेवली.

"आता जा, कोथिंबीर आण," वहिनी म्हणाली. "आहे की कोथिंबीर." "मग पुदिना आण." पुदिना घेऊन परतलो तेव्हा आतल्या खोलीत नात रडत होती आणि ऋतुजा म्हणत होती, "आजी, घे ना गं जरा. मला नाही जमत." "मी घेत नाही." "का पण?" वहिनी म्हणाली, "माझ्या कुशीतनं एक नेलेलं. चांगल्यासाठीच नेलं गं सगळ्यांनी. मी बरी झाले तोवर ते मला बघून रडायला लागलेलं." "मग?" "मग काय... वहिनी झाले."

मी स्वयंपाकघरात पुदिन्याची जुडी धरून उभा. आत जायला दहा पावलं होती. मी पुदिना निवडला. एकेक पान धुतलं. इतका स्वच्छ पुदिना आमच्या घरात त्याआधी आणि त्यानंतर कुणी खाल्ला नाही. भोकाडाचा किस्सा त्या दिवसापासून बंद केला, पण ते तिला कळलं की नाही कोण जाणे. तीन वर्षांत घरात लग्नच नव्हतं.

वहिनी अकरा दिवस राहिली. दोन्ही हात मांड्यांखाली. ऋतुजाला डॉक्टरांकडे नेऊन आली, तिच्या केसांना तेल लावलं, आणि नवव्या दिवशी नात रडल्याबरोबर ऋतुजा कुणाची वाट न बघता उठली. आता ती कार्टी आईला क्षणभर सोडत नाही. मी घ्यायला गेलो तर म्हणते, "तू जा."

विचारायचं मात्र राहून गेलं. मोठ्या काकूला मी लग्नानंतर डोंबिवलीला घेऊन आलो, शेवटपर्यंत तिचं केलं. वहिनीलाही "चल" म्हणालो होतो, पण निघालेल्या पाहुण्याला "जेवूनच जा" म्हणतात त्या सुरात. ती म्हणाली, "माझं काम इथं जवळ आहे." मी तेवढ्यावर सुटलो. रविवारी जाऊन विचारू, तू मला एकदा तरी घेतलेलंस का, निजवलेलंस का... असे कितीतरी रविवार मी ठरवले. प्रत्येक रविवारी गेलो, चहा प्यायलो, पाण्याचं बिल कुणाच्या नावावर करायचं यावर बोललो आणि परत आलो.

परवा कोपरीची खोली आवरायला गेलो. ट्रंकेत तिच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन निघाले, कडा शिवलेले, मऊ झालेले. कुणाकुणाच्या बाळांसाठी करून ठेवलेले. ते मांडीवर घेऊन खाटेवर बसलो. दार लोटलं. बावन्न वर्षांचा माणूस, घसा खाकरला, उगाच इकडेतिकडे पाहिलं. मोठ्या काकूला जन्मभर सहज मारलेली हाक, वहिनीला मारताना जीभ जड झाली.

"आई."

जरा मोठ्यानंच झालं असावं. भिंतीपलीकडून कुणा बाईचा घाईतला आवाज आला, "आले रे, आले. थांब जरा."

मी थांबलो.