दोनदा दाबायचा ब्रेक

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझी साखर किती, रक्तदाब किती, कुठल्या वेळी कुठली गोळी, हे सगळं तिला पाठ आहे — हे माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

गोष्ट एका पिकअपची आहे. आधी गाडीचंच सांगतो. ते सोपं आहे.

मी कळसचा. बावीस वर्षं वालचंदनगरला कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. आलेला नटबोल्ट कार्डावर चढवायचा, गेलेला उतरवायचा. नोकरी सोडून डाळिंबाच्या बागेत पूर्ण वेळ उतरलो, तेव्हा क्रेट मार्केटला न्यायला नवी पिकअप घेतली. पहिल्याच दिवशी तिची वही घातली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. अनुक्रम, तारीख, किलोमीटर, काय झालं, काय केलं. पाच रकाने.

नऊ वर्षांत दोनशे बारा नोंदी झाल्या.

पिकअप वर्षानुवर्षं टिकते का, असं लोक विचारतात. टिकते, पण सरळ नाही. माझ्या गाडीला पहिले साठ हजार किलोमीटर तेल आणि फिल्टर सोडून काही लागलं नाही. मग क्लचप्लेट. मग मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक पाटा तुटला, कारण टनाच्या गाडीत आपण दीड टन भरतो आणि वर माणसं बसवतो. लाखाच्या आसपास सेल्फ गेला. हौद्याचा पत्रा कोपऱ्यांतून सडला — डाळिंबाचे क्रेट ओले असतात, पाणी साचून राहतं. दोन वेळा उंदरांनी वायरिंग कुरतडलं. हे सगळं वहीत होतं. गावात कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की माझ्याकडे यायचा. कुठला भाग किती किलोमीटरला जातो, हे मी वही उघडून दाखवायचो. आमचा मिस्त्री म्हणायचा, "तात्या, गाडीला काय झालं न्हाय. तुमीच लई लिवता."

मला ते आवडायचं. का आवडू नये?

आता सत्त्याण्णव नंबरची नोंद.

चौऱ्याऐंशी हजार तीनशे दहा किलोमीटर. भरलेली गाडी, दुपारचं ऊन. इंदापूरच्या अलीकडे मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. पायाखाली काहीच नाही — पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी, तसं. मी पाय उचलून पुन्हा दाबला. लागला. गाडी थांबली. मिस्त्रीनं ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडला, आतले रबर बदलले, ऑइल बदललं, हवा काढली. म्हणाला, झालं.

एकशे एकतीसला पुन्हा झालं. एक लाख सतरा हजार सहाशे चाळीस. मग दुसरा मिस्त्री, नवा मास्टर सिलिंडर. एकशे अडुसष्टला पुन्हा. एक लाख एकोणपन्नास हजार दोनशे पाच. तिसरा मिस्त्री, बारामतीचा. त्यानं दोन दिवस गाडी ठेवून घेतली, रिकामी पळवली, भरून पळवली. एकदाही चुकली नाही. "ह्यात कायच न्हाय," म्हणाला. आणि खरंच, तीस-तीस हजार किलोमीटर तिच्यात काहीच नसायचं.

तेव्हापासून माझ्या पायाला सवय लागली. आधी एकदा हलकेच दाबायचं, मग खरं दाबायचं. दोनदा. प्रत्येक वेळी. मी ती लावून घेतली नव्हती, पायानंच लावून घेतली. आज माझ्याकडे चारचाकी नाही, पण एसटीत ड्रायव्हरच्या मागं बसलो तरी उजवा पाय फरशीवर दोनदा दाबला जातो.

दोनशे तीन नंबरला, एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे तीसला, कळसच्या शाळेसमोर पेडल पुन्हा खाली गेलं आणि बंपर एका सायकलच्या मागच्या चाकाला टेकला. टेकला फक्त. सायकलवरच्या बाईनं वळून पाहिलं, मला ओळखलं, पदर सारखा केला आणि गेली. मी गाडीत बसून राहिलो.

त्याच आठवड्यात मी गाडी विकायचं ठरवलं. लोकांना सांगितलं, बागेवर तेल्या रोग आला, बाग काढली, आता गाडीला काम नाही. बाग काढली हे खरं होतं. पण बाग काढून तोवर सात महिने झाले होते.

कन्हेरीचे पोपटराव गाडी बघायला आले. भाजीपाला करणारं घर — वांगी, टोमॅटो, भेंडी. सोबत धाकटा भाऊ नवनाथ होता. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, गाडी तोच चालवणार होता. त्यानं वाकून खालून पाहिलं, पाटे मोजले, मी दाखवलेला हौद्याचा सडका कोपरा बोटानं दाबला. पोपटरावांनी काही पाहिलं नाही. ते म्हणाले, "गाडी काय, रंगवली की चांगलीच दिसती. आमाला ती वही दावा. लोकं म्हणत्यात, तात्याची वही म्हंजी सातबारा."

मी म्हणालो, वही शेतातल्या खोलीवर आहे, परवा या.

वही घरातच होती. कपाटात.

तुम्हाला वाटेल, चार नोंदी होत्या, खोडल्या असत्या. पण खोडलेलं दिसतं. पान फाडावं, तर अनुक्रम तुटतो — छप्पन्ननंतर अठ्ठावन्न दिसलं की मीच स्टोअरमध्ये माणसाला उभा करायचो. म्हणून मी इंदापुरातून तशीच लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि नऊ वर्षं पुन्हा लिहून काढली. दीड दिवस लागला. निळी, काळी, मग पुन्हा निळी, अशी पेनं बदलत गेलो, कारण नऊ वर्षं कुणी एकाच पेनानं लिहीत नाही. पानांचे कोपरे अंगठ्यानं मळवले. ब्रेकच्या चारही नोंदी गाळल्या. जुन्या वहीत दोनशे बारा नोंदी, नव्या वहीत दोनशे आठ. खोटं लिहितानासुद्धा मी एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. दोनदा तपासलं.

बायकोनं विचारलं, "आवो, जुनी काय झाली?"

"उंदरानं खाल्ली," मी म्हणालो.

"उंदरांनी तुमच्या गाडीचा नादच धरलाय," म्हणून ती भाकरी टाकायला गेली.

का केलं हे? किंमत पडली असती, हे आहे. पण फार नाही पडली असती. तो सडलेला पत्रा मी स्वतः होऊन दाखवलाच की. मग? त्या चार नोंदी वाचून पोपटरावांनी एक साधा प्रश्न विचारला असता — तात्या, पाच वर्षं अशी गाडी तुम्ही रस्त्यावर आणलीच कशी? मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. अजूनही देता येत नाही.

गाडी द्यायच्या दिवशी मी नवनाथला शेजारी बसवून सगळं समजावलं. थंडीत दुसरा गिअर अडतो, जोर करू नको. डाव्या दाराचं हँडल वर उचलून मग ओढायचं. स्टेपनीत हवा कमी ठेवलीय. जॅक सीटखाली. पोपटराव बाहेर उभे राहून हसत होते. "तात्या, पोरगी सासरी धाडल्यागत सांगताय."

ब्रेक दोनदा दाब — हे तीन शब्द मी बोललो नाही. बोलता आलं असतं. सवय म्हणून सांगता आलं असतं, वहीला धक्का न लावता. तोंडापर्यंत आलं होतं का? आलं होतं, असं म्हणायला मला बरं वाटेल. आठवत नाही.

नवनाथनं गाडी काढली. फाटकापाशी मागचे लाल दिवे लागले. एकदाच. माझ्या हाती असताना ते नेहमी दोनदा लागायचे, हे मला त्या क्षणी कळलं. मी फाटक लावून घेतलं.

चार महिन्यांनी, दिवसाढवळ्या, कन्हेरीजवळ कालव्याच्या पुलावरून उतरताना गाडी उलटली. मागं वांग्याचे क्रेट होते. पुढं नवनाथ, आणि शेजारी त्याची आई, दवाखान्यात निघालेली. समोरून उसाची ट्रॉली आली म्हणून त्यानं ब्रेक मारला, मग गाडी शेतात घातली. त्याला खरचटलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं. ती आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते, पुढं नाही.

नवनाथ सांगत होता, ब्रेक लागलाच नाही. मिस्त्रीनं पाहिलं, तर ब्रेक ठणठणीत. अर्थातच ठणठणीत.

आठ दिवसांनी पोपटराव माझ्याकडे आले. हातात माझी वही. नवनाथ आत आला नाही, अंगणात मोटारसायकलपाशी उभा राहिला. बायकोनं त्याला पाणी दिलं, तांब्या हातात धरून तो तसाच उभा.

पोपटराव म्हणाले, "तात्या, ह्यो म्हणतोय ब्रेक पायाखाली गेला. मिस्त्री म्हणतोय काय झालं न्हाय. म्या वही सगळी चाळली, ब्रेकचं नावच न्हाय. तरी तुमच्या तोंडानं सांगा. नऊ वर्षांत कधी दगा दिला व्हता का तिनं?"

आता बघा, त्या दारात काय होतं. माझं एक 'हो', आणि अंगणातला माणूस खरा ठरत होता. आईचा पाय त्याच्या माथ्यावरून उतरत होता. बाकी काही नको होतं, तेवढंच.

मी म्हणालो, "तसं काय झालं असतं तर वहीत लिहिलं असतं."

आठ शब्द आहेत. मोजलेत मी. त्यात एकही शब्द खोटा नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

पोपटरावांनी वळून भावाकडे पाहिलं. नवनाथनं तांब्या खाली ठेवला. म्हणाला, "मग माझाच पाय क्लचवर पडला आसंल, दादा."

"आसंल न्हाय. पडलाच."

ते चहा न घेता गेले.

मला काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. विशेष काही नाही. मी आत जाऊन दुपारचं जेवलो. मेथीची भाजी होती. झोपही लागली. माणसाला झोप लागत नाही वगैरे म्हणतात, मला लागते.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

पुढच्या वर्षी एका लग्नात, बारामतीच्या कार्यालयात, पंगतीनंतर नवनाथ मला शोधत आला. वाळला होता. गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं, एमआयडीसीत गेटवर वॉचमन म्हणून उभा राहायचा. चारचौघांत तो क्लचची गोष्ट स्वतःच सांगू लागलाय, हे मी ऐकून होतो. आता त्याला ती खरी वाटत होती. डावा पाय कसा सरकला, चप्पल कशी अडकली — झालेलं नव्हतं ते त्याला दिसत होतं.

तो माझ्या पायाशी वाकला. म्हणाला, "तात्या, तुमच्या गाडीला उगंच नाव ठिवलं म्या. चार लोकांत तुमचं नाव निघालं. माफ करा."

आजूबाजूला माणसं होती, पण लांब. कुणी ऐकत नव्हतं. अडवणारं काहीही नव्हतं.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे. होतं माणसाकडनं."

मी त्याला माफ केलं.

आधीचं सगळं — वही, पेनं, आठ शब्द — ते एका बाजूला. हे दुसऱ्या बाजूला. त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. त्यानं मला पानाचा विडा आणून दिला. मी तो खाल्ला.

जुनी वही मी जाळली नाही, फाडली नाही. कागद नष्ट करायला माझा हात धजत नाही, स्टोअरचा माणूस. ती ट्रंकेत आहे, बागेच्या औषधांच्या पावत्यांखाली. लग्नाहून आलो त्या संध्याकाळी मी ती काढली. अपघाताचं किलोमीटर पोपटरावांकडून मी आधीच विचारून घेतलं होतं — का, ते त्यांनी विचारलं नाही. दोनशे बाराच्या खाली रेघ मारून लिहिलं:

२१३. एक लाख त्र्याण्णव हजार दोनशे साठ. कालव्याचा पूल, उतार, गाडी भरलेली. ब्रेकचं पेडल पायाखाली गेलं. पाचवी वेळ. चालक नवनाथ. चालकाची चूक नाही.

'काय केलं' हा शेवटचा रकाना. तो रिकामा आहे. वही परत पावत्यांखाली ठेवली. ट्रंकेला कुलूप नाही.