क्रीमताईंची रेघ

माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि त्यातून माणूस दगावणार नाही असा अर्थ काढायचा, हा माझा धंदा. एकदा न राहवून मी एका डॉक्टरांना फोन करून विचारलं, "हे दुसरं औषध काय लिहिलंय?" तर ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतंय?" त्याच आठवड्यात मी गावातल्या सुलेखन मंडळात नाव घातलं. चार बरी अक्षरं डोळ्यांखालून गेली नसती तर मी दुकान बंद करून बसले असते.

मंडळ रविवारी दुपारी भरतं. जागा म्हणजे नाचाच्या क्लासची वरच्या मजल्यावरची खोली. तीन भिंतींना आरसे, मधे आम्ही आणलेली लांब टेबलं. लिहिताना माझी जीभ बाहेर येते हे मला त्या आरशांमुळे कळलं. इतकी वर्षं घरातल्या कुणी सांगितलं नव्हतं. आमचे सर, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी एक नियम घालून दिला आहे. दुसऱ्याचा कागद बघायला गेलात की आधी त्यातल्या सगळ्यात चांगल्या अक्षरावर बोट ठेवायचं, मगच तोंड उघडायचं. शाई ओली असली तर बोट वर धरायचं. चांगलं अक्षर सापडलंच नाही तर सापडेपर्यंत उभं राहायचं. माझ्या पहिल्या कागदापाशी सर बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी एका पूर्णविरामावर बोट ठेवलं.

तर या मंडळात क्रीमताई आहेत. बेकरीवाल्या. नवरा, दीर आणि त्या, असं तिघांचं ते दुकान. दीर भट्टी सांभाळतात. नवरा टेम्पोतून माल पोचवतो आणि घरात जो शेवटचं बोलला असेल त्याच्या बाजूने असतो. केकवर नावं घालायचं काम ताईंचं. क्रीम भरलेली कागदी पुंगळी हातात धरून, केकला टोक न टेकवता, वरूनच धार सोडत त्या लिहितात. लग्नाच्या आधीपासून लिहितायत. गावातल्या निम्म्या माणसांची नावं त्यांच्या हातून गेली आहेत. माझंही गेलंय. पन्नाशीच्या केकवर त्यांनी माझं नाव इतकं देखणं काढलं होतं की सुरी घालताना जिवावर आलं. पण घातली. माझ्या पुतण्याने तर पहिलं अक्षर स्वतःच्या बशीत ओढूनही घेतलं.

"माझं सगळं लिहिलेलं लोकांनी खाल्लंय," क्रीमताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "एक तरी राहावं असं वाटतं."

सगळे हसले, त्याही हसल्या. पण मला ते लागलं. माझ्या दुकानात डॉक्टरांचं ते भयंकर अक्षर फायलींमध्ये वर्षानुवर्षं नांदतंय आणि या बाईचं एकही शिल्लक नाही, म्हणजे काय?

हात त्यांचा तयारच होता. बोरूची सवय व्हायला थोडे दिवस गेले, कारण त्यांचा हात कागदाला टेकेचना, सवयीने वरच तरंगायचा. पण एकदा टेकला तो टेकला. त्यांचा 'ज' बघायला लोक टेबल सोडून यायचे. बोट ठेवायला रांग लागायची. अडलं ते एकाच जागी. शिरोरेघेपाशी.

सरांची पद्धत अशी की आधी सगळी अक्षरं मोकळी लिहायची आणि रेघ शेवटी, एका दमात, हात न उचलता. केकवर रेघ नसते. क्रीमची जाड रेघ थोड्या वेळात खाली बसते आणि अक्षरांवर ओघळते, म्हणून क्रीमताईंनी ती कधीच घातली नव्हती. गिऱ्हाईकाला त्याचं काही पडलेलं नसतं. शिवाय केकवर चुकलं तर सुरीने खरवडून पुन्हा लिहिता येतं, कागदावर कसं खरवडणार? त्यामुळे ताई झकास अक्षरं लिहायच्या, बोरू शाईत बुडवायच्या, कागदाच्या वर आणायच्या, आणि तिथेच थांबायच्या. मग शाईच्या बाटलीला झाकण लावायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्या रविवारी."

प्रोत्साहनाच्या बाबतीत आमचं मंडळ फार उदार आहे, कधीकधी जरा जास्तच. सर म्हणाले, श्वास आत घ्या आणि सोडता सोडता ओढा. ताईंनी श्वास घेतला तो सोडायचंच विसरल्या. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, डोळे मिटून ओढा. ताईंनी डोळे मिटून ओढली ती सरळ नाचाच्या क्लासच्या टेबलावर गेली. ती अजून तिथे आहे, घासून निघत नाही. मी म्हटलं, "ताई, रेघ आहे ती. इंजेक्शन नाही." खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. असा हात मला असता तर मी फाडकन ओढून मोकळी झाले असते.

"अहो, अक्षर जरा वाकडं गेलं तर लोक म्हणतात वळण वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "रेघ वाकडी गेली की सगळंच वाकडं. आणि रेघ मारली म्हणजे झालं ना लिहून. मग लोक वाचणार."

"मग वाचायलाच लिहितात ना?"

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

सगळ्यात जीव ओतायचे आमचे वायरमनदादा. त्यांची नजर म्हणजे फूटपट्टी. भिंतीवर वायरची पट्टी ठोकताना ते मोजत नाहीत, नुसतं बघतात, आणि पट्टी नाकासमोर सरळ जाते. मंडळातल्या सगळ्यात सुंदर रेघा त्यांच्या. कुणाचं काही अडलेलं दिसलं की त्यांना चैन पडत नाही. माझ्या दुकानाचा पंखा मी न सांगता त्यांनी दोनदा दुरुस्त केलाय. त्यात एकदा तो चांगला चालत होता.

असं चाललेलं असताना बेकरीचा बोर्ड पडला. जुना पत्र्याचा बोर्ड, वारा सुटला आणि आला खाली. खाली उभ्या असलेल्या एका स्कूटरचा आरसा गेला, बाकी कुणाला काही झालं नाही. पण बोर्ड नाही म्हटल्यावर लोक दुकान बंद समजून परत जायला लागले. दिरांनी फ्लेक्सवाल्याकडून नमुना आणला. लालभडक अक्षरात 'रोज ताजं' आणि बाजूला टोपी घातलेला, खदाखदा हसणारा पाव.

"याला खायला निघालेत लोक, आणि हा हसतोय कशाला?" क्रीमताई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "भावोजी, बोर्ड मी लिहिते."

दीर भट्टीसमोर उभे राहून राहून मोजकंच बोलायला शिकलेले. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं पुरं कधी होतं?" हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. शेवटी असं ठरलं की मंडळाच्या प्रदर्शनात ताईंचा 'रोज ताजं' लागला, तर पेंटरला तोच कागद द्यायचा आणि त्याने तो बोर्डावर मोठा करून रंगवायचा. नाही लागला तर पाव. अपुरा कागद प्रदर्शनात लागत नाही, हा सरांचा दुसरा नियम. नवरा म्हणाला, दोन्ही छानच.

मग क्रीमताई रविवारमागून रविवार 'रोज ताजं' लिहीत राहिल्या. मंडळाच्या कपाटात त्यांच्या बिनरेघेच्या कागदांचा गठ्ठा वाढत गेला. प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी त्यांनी जो लिहिला तो बघून सर स्वतः उठून उभे राहिले. चारही अक्षरं अशी उतरली होती की कशावर बोट ठेवावं कळेना. ताईंनी बोरू उचलला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, हेच चुकलं. इतक्या जणांनी श्वास रोखला की बिचारीला बोरू टेकवताच येईना. त्यांनी झाकण लावलं. या खेपेला "पुढच्या रविवारी" म्हणाल्या नाहीत, कारण पुढचा रविवार प्रदर्शनाचाच होता. कागद तसाच टेबलावर सोडून पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या.

प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. सकाळी मी पोचले तर दाराजवळच्या भिंतीवर, सगळ्यात चांगल्या उजेडात, 'रोज ताजं' लटकत होता. रेघेसकट! मी धावत गेले. काय रेघ होती! सुरुवात ठाम, शेवट ठाम, मधे केसाचाही फरक नाही. मला इतका आनंद झाला की मी वाचनालयातल्या बाईंना मिठीच मारली. त्यांना तशी सवय नसावी.

मग मी परत एकदा नीट बघितलं. ती रेघ मी ओळखत होते. मंडळातल्या कुणीही ओळखली असती.

वायरमनदादा कोपऱ्यात दिव्याचं बटण उगाच चालूबंद करत होते. "एवढंसं तर राहिलं होतं," ते म्हणाले. "काल इथे दिवे लावायला आलो होतो, सगळे कागदही मीच आणले, मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच. त्यांच्या अक्षराला कुठे धक्का लावला नाही हो. म्हटलं, सकाळी येतील, बघतील, खूश होतील." त्यांचा चेहरा बघून त्यांना रागावणंही जमेना.

सर कागदासमोर उभे होते. "रेघ उत्तम आहे," ते म्हणाले, आणि वायरमनदादांकडे बघितलं.

कुणीतरी म्हणालं, बाहेरच्यांना काय कळणार आहे? बोर्ड तर होऊन जाईल. मीही मान डोलावली, लपवून काय करू. मला तो हसरा पाव येता-जाता बघावा लागणार होता, माझं दुकान समोरच आहे.

तेवढ्यात क्रीमताई आल्या. मागे त्यांचे दीर, भट्टीवरून तसेच निघालेले, कोपरापर्यंत पीठ. दिरांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, वहिनी! लागला की!"

क्रीमताईंनी कागद बघितला. त्यांच्या कागदावर पहिल्यांदाच रेघ होती. त्या जवळ गेल्या, रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग तो लाल झाला. क्रीमताईंना चिडलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. केकवर गिऱ्हाइकाने चुकीचं नाव सांगून वर त्यांनाच झापलं तरी ही बाई "देते हं बदलून" म्हणणारी.

"हे मी नाही लिहिलं," त्या म्हणाल्या.

"ताई, मी फक्त मदत..." वायरमनदादा पुढे आले.

"मदत कळली मला. तुमची रेघ माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगली आहे, दादा. पण मग माझं राहिलंच की!" त्यांनी रेघेकडे बोट केलं. "एवढं एकच माझं राहिलं होतं, तेही तुम्ही करून टाकलंत."

दीर एकदा वहिनींकडे, एकदा कागदाकडे बघत होते. क्रीमताईंनी टाचण्या काढल्या, कागद खाली उतरवला, नीट गुंडाळला आणि दादांच्या हातात दिला. भिंतीवर नुसता चौकोन उरला.

"म्हणजे मग फ्लेक्सच ना?" दिरांनी हळूच विचारलं.

"थांबा भावोजी," त्या म्हणाल्या. "आज राग आलाय. तो आहे तोवर होऊन जाऊ दे."

पाहुण्यांनी सही करायला मांडलेल्या टेबलावरून त्यांनी फुलदाणी, पेन, सगळं एका हाताने बाजूला सारलं. सरांनी आपला बोरू आणि एक कोरा कागद पुढे केला, मी शाई धरली. बसल्यासुद्धा नाहीत त्या. उभ्यानेच 'रोज' लिहिलं, उभ्यानेच 'ताजं'. 'त' जरा आखूड पडला. मागच्या रविवारचा त्याच्यापेक्षा बरा होता, तो सगळाच कागद बरा होता. त्यांनी बोरू परत बुडवला, कागदाच्या वर आणला. मी डोळे मिटणार होते, पण नाही मिटले.

त्यांनी रेघ ओढली. बोरूचा कागदावर आवाज आला, करकर, आणि संपला. 'रोज'वर रेघ बरी बसली, 'ताजं'वर पोचेपर्यंत वर चढत गेली आणि शेवटी अक्षराच्याही पुढे थोडी धावली. शाईचा एक थेंब खाली पडला.

क्रीमताई बोरू धरून तशाच उभ्या राहिल्या. राग ओसरला होता आणि आता काय होऊन बसलंय ते त्यांना दिसत होतं. त्यांनी बाटलीचं झाकण हातात घेतलं, पण लावलं नाही.

दीर जवळ आले. पिठाचे हात मागे बांधून, कागदाला लागू नयेत म्हणून, ते वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, रेघ वर गेलीये."

"गेलीये," क्रीमताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्याचं काही नाही, पेंटर मोठं करताना सरळ करून घेईल."

"छे!" दीर एवढ्या मोठ्याने म्हणाले की वाचनालयातल्या बाई दचकल्या. "सरळ कशाला? त्याला सांगा, हात लावायचा नाही. आमच्या वहिनींची अशी आहे, तर अशीच वर जाऊ दे."

क्रीमताईंनी बोरू खाली ठेवला, टेबलाच्या कडेला धरून खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांदेखत रडायला लागल्या.