भिजलेली अर्धी गोणी

आईने शेवटच्या वर्षी हाताने लावलेला माड माझ्या वाट्याला आला, आमच्या दोघांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे. खांद्याएवढा वाढला आणि पिवळा पडू लागला. त्याच्यासाठीच मी शेजारी राहणाऱ्या मोठ्या भावाबरोबर भागीत बोर्लीहून युरियाची गोणी आणली.

खताची वाटणी त्याच्याच पडवीत झाली. त्याचा अर्धा भाग झाकणाच्या पिंपात गेला. माझा गोणीतच राहिला, तोंड उघडं, गळक्या पन्हळीखाली. चार दिवसांनी न्यायला गेलो तर खताचा दगड झालेला.

भाऊ बाकड्यावर बसून सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "भिजला म्हणून काय झाला? ढेकळां फोड नि टाक. खत हाय, पीठ न्हाय सडायला."

असा संताप आला! जन्मभर याचं सगळं कोरडं आणि माझं ओलं.

गोणी ओढत घरी आणली. बायकोने एक ढेकूळ फोडून तांब्यातल्या पाण्यात टाकलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. माझ्या सासऱ्यांची ही रीत. युरिया विरघळला की तांब्या गार पडतो. हाही चांगला गार पडला.

"जोर हाय अजून," ती म्हणाली. "फोडून सुकवू. मूठ मूठ घाला."

"त्याचं उष्टं माझ्या माडाला नको," मी ओरडलो. गोणी पुन्हा उचलली आणि भाऊ बघत असताना गडग्यापाशी सगळी उपडी केली. "घे तुझं सडकं खत!" तो कातरतच राहिला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या आठवड्यात पाऊस कोसळला. उतार माझ्याच बाजूला, माडाकडे होता, हे रागाच्या भरात कोण बघतो? पंधरा दिवसांत माडाची पानं टोकापासून करपली. मग एके सकाळी मधला कोंब धरला, तर तो अलगद हातातच आला.

मी तो कोंब भावाच्या पडवीत नेऊन आपटला. "आईचा माड मारलास! खराब खत माझ्या गळ्यात मारलंस!"

मागून बायको आली होती. तिने कोंब उचलून पदराने पुसला.

"खत खराब असता," ती म्हणाली, "तर माड जगला असता."