धानोऱ्याची शीव, चंद्रपुरातून

ऑगस्टमधला शनिवार, सकाळी दहा. हजर: चंद्रपुरात मी एकटी, आमच्या संस्थेच्या धानोऱ्याच्या कार्यालयात ऑपरेटर आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत एका जंगलगावचे म्हातारे भाऊ. वाटेतल्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललं होतं, म्हणून मी इकडेच अडकले.

सोमवारी त्या गावाच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याची सुनावणी होती. भाऊंना शिवेचा नकाशा घेऊन उभं राहायचं होतं. शिवेवर फिरून नोंदवलेल्या बिंदूंची यादी, फोटो आणि नकाशा काढणारा प्रोग्राम, सगळं धानोऱ्याच्या संगणकात. लाइन इतकी बारीक, की ते इकडे उतरवण्यात रविवार संपला असता. तेव्हा ठरवलं: फाइल तिथेच ठेवायची, माझ्या एडिटरमधून उघडायची आणि प्रोग्रामही तिथेच चालवायचा.

वहीत कामं लिहिली. लॉगिनची चावी तयार करणं, ऑपरेटरकडून ती तिकडे बसवून घेणं, एडिटरला त्या संगणकाचा पत्ता देणं. तासाभरात तिन्हींवर टिक झाली आणि यादी माझ्या पडद्यावर उघडली. फाइल धानोऱ्यात, कर्सर माझा. मी कीबोर्डवरून हात उचलून घेतले. वीस वर्षं संगणकावर काम करते, पण असं कधी झालं नव्हतं.

प्रोग्राम चालवला तर उत्तर आलं, असा प्रोग्रामच नाही. तीनदा तेच. मग कळलं, एडिटर फाइल तिकडची उघडत होता, पण प्रोग्राम इकडे, माझ्याच मशीनवर शोधत होता. सेटिंगमध्ये एक ओळ वाढवली: फाइल जिथली, प्रोग्राम तिथलाच. पुन्हा चालवला.

फोन स्पीकरवर होता.

“ताई, मशीन आपोआप चालून राह्यली! मी हात बी नाई लावला,” ऑपरेटर म्हणाली.

“भूत हाय का?” भाऊंनी विचारलं.

“भूत नाई भाऊ, चंद्रपूरची ताई हाय.”

“मंग एकच झालं.”

मी हसत होते तोच पलीकडे प्रिंटर घरघरला. माझ्या बोटांनी हलवलेला प्रिंटर मला फोनमधून ऐकू येत होता.

पण कागद हातात घेताच भाऊ भडकले. “माह्यं गाव मधून काऊन कापलं?”

शीव दोन गटांनी अर्धी-अर्धी मोजली होती, दोघांनी एकाच जागेपासून सुरुवात करून. आमचे कार्यकर्ते घड्याळाच्या काट्यांसारखे गेले. मी गावकऱ्यांचं विचारलं.

“लग्नात फिरतो तसेच फिरलो. डावीकडून,” भाऊ म्हणाले. “उलटे तुमचे पोट्टे फिरले, आन् कापलं आमचं गाव!”

त्यांच्या लग्नात फेरे घड्याळाच्या उलट असतात, हे मला ठाऊक होतं. दोन्ही याद्या एकाखाली एक जोडताना मात्र ते डोक्यात आलं नाही; पहिली संपली तिथून रेघ गावातून आडवी परत सुरुवातीला गेली होती. गावकऱ्यांची अर्धी यादी चंद्रपुरातून खालून वर फिरवली, प्रोग्राम पुन्हा चालवला. दुसरा कागद निघाला.

“भाऊ बोटानं चालून राह्यले,” ऑपरेटर कुजबुजली.

कागदावरच्या रेघेवर बोट फिरवत ते एकेक ठिकाण सांगत होते आणि मी पडद्यावरच्या यादीवरून पेन्सिल फिरवत होते. नाल्याचं वळण. जुनी भाताची बांधी. मोठं मोहाचं झाड. दोन दगड. कागदावर नावं नव्हतीच, नुसती रेघ होती. ती नावं फक्त माझ्या पडद्यावर. एकही ओळ मागेपुढे झाली नाही. दूरवरचा संगणक चालवण्याचं माझं नवल त्या बोटापुढे अगदीच लहान झालं.

मग ते थांबले. “हिरडा कुठी हाय?”

यादीत हिरडा नव्हता.

“तुमची रेघ सरळ गेली. हिरडा आमच्यात हाय. तिथूनच आमच्या बाया हिरडे आनते. आज सोडला त् गेला.”

दोन दगडांनंतर मी एक ओळ घातली आणि ‘हिरडा’ लिहिलं. पुढचे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे अंदाजाने भरता येत नाहीत. त्यासाठी यंत्र घेऊन कुणीतरी त्या झाडाखाली उभं राहावं लागतं. गावाकडचा नालाही भरलेला. भाऊ म्हणाले, उद्या नाल्याचं पाणी उतरलं तर यंत्र घेऊन जातो.

वहीत शेवटचं काम लिहिलं: हिरड्याचे आकडे. टिक नाही.